शेवटच्या गाण्याचं आमेन

मोहननगरच्या त्या चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायला बंदी होती, आणि ती बंदी एकट्या शांतवनमुळे आली होती. सत्त्याऐंशीच्या नाताळात त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने, मनूने, युवक संघाच्या कार्यक्रमात एक स्तोत्र असं काही वाजवलं, की पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या उठून बाहेर गेल्या आणि पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन मेन स्विच बंद केला. शब्द सगळे पवित्र शास्त्रातले होते, एकही वाकडा नव्हता. वेग मात्र असा, की आगगाडी रूळ सोडून चर्चमध्ये शिरतेय असं वाटावं. याला थ्रॅश मेटल म्हणतात, बाहेरदेशी चर्चची पोरंही हे वाजवतात, असं शांतवनने समजावून पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, "देवाचं नाव असं ओरडून घ्यायला देव काय बहिरा आहे?"

देवाचं माहीत नाही, पण त्यांची आई बहिरी होती. प्रमोदिनीबाईंनी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीच्या आसपास त्यांचे कान हळूहळू गेले. समोरच्याचे ओठ बघून त्या निम्मं समजून घेत, उरलेलं अंदाजाने. भजनं गेली, प्रवचनं गेली, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांतलं बोलणंही त्यांना ऐकू आलं नव्हतं. एकच गोष्ट उरली होती. मनू घरात ढोल बडवू लागला, की त्या भिंतीला हात लावून उभ्या राहत. "याचंच तेवढं येते मले," त्या म्हणत, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली तर त्यांच्याशी भांडायला त्याच पुढे होत.

दोघा भावांच्या बँडचं नाव होतं 'कर्णा'. बायबलातल्या यरीहो नगराच्या भिंती सातव्या फेरीला ज्याच्या आवाजाने कोसळल्या, तो कर्णा. शांतवन गिटार वाजवायचा आणि गायचा. मनूकडे ढोल. त्याचा सेट म्हणजे एक गंमतच होती: लग्नाच्या बँडपार्टीने मोडीत काढलेले दोन मोठे ढोल, त्यांच्याच झांजा, आणि दोन्ही पायांनी ढोल वाजवता यावा म्हणून सायकलच्या पायडलापासून बनवलेली दोन पेडलं. त्यातलं डावं पेडल प्रत्येक ठोक्याला बारीक कुंई करायचं. कितीही तेल घाला, ते काही ऐकायचं नाही. तिसरा गोविंदा, धान्याचे अडते गणपतराव यांचा मुलगा. तो बेस वाजवायचा. "देवाचं मले नको सांगू, कोणता का असेना, जोरात वाजलं पाहिजे," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. कळमन्याला गणपतरावांचं एक रिकामं गोदाम होतं. त्याच्या भिंतींना बारदान टांगून तिघांनी तिथे आपली पहिली कॅसेट करायला घेतली. तिला नाव ठेवलं 'सातवी फेरी'.

स्टुडिओची ऐपत कुणाची? शांतवन एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होता, त्यामुळे तारा जोडण्यात त्याचा हात बसलेला. दोन कॅसेट डेक होते. पहिल्या डेकवर नुसते ढोल भरायचे. मग ते वाजवत सोबत गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर घ्यायचं. मग ते वाजवत बेस, मग गाणं. दर वेळी नवी कॉपी, दर वेळी खरखर थोडी जास्त. ढोल भरताना शांतवन समोर बसून बिनआवाजाची गिटार वाजवायचा, मनूला वाट कळावी म्हणून.

आणि एक नियम होता. मनूला थांबायचं भान नसे. कधी चुकलं म्हणून मधेच थांबे, कधी गाणं संपलं तरी वाजवतच राही. म्हणून शांतवनने ठरवून दिलं होतं: तार तुटो, काठी तुटो, मी आमेन म्हणेपर्यंत थांबायचं नाही, आणि आमेन म्हटल्यावर एक ठोका जास्त नाही. फार दमला की मनू वाजवता वाजवता विचारायचा, "दादा, बस?" शांतवन मान हलवून नाही म्हणायचा. मग आमेन आलं, की मनू काठ्या ढोलाच्या कातड्यावर अलगद ठेवून द्यायचा. त्या थोड्या घरंगळायच्या. प्रत्येक गाण्याच्या शेवटी टेपवर ते घरंगळणं यायचं, आणि ते काढून टाकावं असं कुणाला वाटलं नाही.

शेवटचं गाणं होतं 'यरीहो'. सात फेऱ्यांचं गाणं. एकच चाल सात वेळा, दर वेळी अधिक वेगात, सातव्या फेरीला तिघांचा जयघोष आणि आमेन. जूनचा पहिला आठवडा होता, गोदामात पत्र्याखाली जीव उकडून निघत होता. मनू पाचव्या फेरीत होता आणि लाइन गेली.

डेक बंद पडला. ढोलाला काही लाइन लागत नाही. मनू अंधारात वाजवतच राहिला, मोठ्याने हसत, नियमाप्रमाणे. गोविंदाही हसू लागला. शेवटी शांतवनने पायातली चप्पल काढून त्याच्या दिशेने फेकली.

"बस कर ना बे! डेक बंद आहे. उद्या पुन्हा भरू."

"आमेन कुठं म्हटलं तू?" मनू अंधारातून म्हणाला आणि थांबला.

घरी निघताना तो सायकलवर पुढे गेला. कळमन्यापासून सगळ्या रस्त्याचे दिवे त्याच लाइनवर होते. दिवे नसलेल्या रस्त्यात दिवा नसलेला एक ट्रक उभा होता.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. मनू बावीस वर्षांचा होता.

पावसाळाभर शांतवनने गिटारला हात लावला नाही. दिवाळीच्या सुमारास गोविंदा घरी आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "ढोल तर भरून आहेत सगळे. त्यानं त्याचं काम करून ठेवलं, शांत्या. आपलंच राहिलं." ते खरं होतं. आठ गाण्यांचे ढोल पूर्ण होते, नववं तुटलेलं. तुटलेलं तसंच ठेवायचं ठरलं. जिथे मनू थांबतो तिथे कॅसेट थांबेल.

तो तुकडा कुठे संपतो हे शांतवनला नीट माहीत होतं. लाइन जाताना डेकची मोटर मंदावली होती, त्यामुळे ऐकताना शेवटचे दोन-तीन ठोके उलट घाईघाईने, चिमणीसारखे चिवचिवत येत आणि मग शांतता. त्याने गिटार जोडली, तुकडा वाजवत ठेवला, दुसरा डेक सुरू केला. वाजवताना तो रडत होता, त्यामुळे शेवट कधी आला हे त्याला कळलं नाही. कॉपी ऐकताना कळलं. चिवचिवाट नव्हता. पाचवी फेरी पूर्ण झाली होती.

त्याने मूळ टेप लावून पाहिली. चिवचिवाट तिथेच होता. आपणच मोजायला चुकलो, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मग गोविंदाचा बेस घेतला. ती कॉपी वाजू लागली तसा गोविंदाने बेस मांडीवरून खाली ठेवला.

"अबे शांत्या, इथं तर लाइन गेली होती ना?"

ढोल सहाव्या फेरीत होते. डावं पेडल कुंई करत होतं.

"तू जुनं काही जोडलं काय?" गोविंदाने विचारलं.

"जुनं काहून असन? हे गाणं आपण एकदाच भरलं."

"मग हे कोण वाजवून राहिलं?"

शांतवनने डेक बंद केला. गोविंदाने बेस खोळीत घातला. त्याला खोळीची चेन लागेना. उरलेलं शांतवनने एकट्याने भरून कॅसेट काढली, तेव्हाही तो आला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जाऊ लागला.

शांतवन अंधश्रद्धाळू माणूस नव्हता. दोन्ही डेक त्याने कॉलेजच्या लॅबमध्ये नेले, मोटरचा वेग तपासला, हेड साफ केले, करकरीत नवी कॅसेट फोडून भर उजेडात कॉपी काढली. सगळं बरोबर होतं. कॉपी पहिल्यापेक्षा लांब निघाली. कॉपीची कॉपी आणखी लांब. टेपमध्ये जुनं काही नव्हतं, कारण टेपच जुनी नव्हती. फिजिक्सने इथे हात टेकले आणि शांतवन डेक रिक्षात घालून घरी घेऊन आला.

तोवर 'सातवी फेरी' गेली होती थोड्याफार घरांत. नाताळच्या मेळाव्यात युवक संघाच्या पोरांनी घेतली, काही कॉप्या कामठीला गेल्या, काही जबलपूरला. कामठीचा एक ओळखीचा पोरगा चर्चबाहेर भेटला. "बाकी एक नंबर, दादा. पण शेवटच्या गाण्यात गिटार संपते अन् नुसता ढोल चालू राहते. साइड संपून जाते, गाणं नाही संपत. मी मित्राले कॉपी करून दिली, त्याच्यात तर लयच." तो हसत सांगत होता. शांतवनने त्याला ती कॅसेट परत मागितली. पोरगा हसायचा थांबला आणि नाही म्हणाला.

आईला मात्र हे सगळं नको इतकं हवं होतं. मनू गेल्यावर त्या भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या आणि भिंत गप्प. म्हणून शांतवनने स्पीकरचा मोठा बॉक्स त्यांच्या खाटेजवळ आणून ठेवला होता. रोज दुपारी त्या बॉक्सवर तळहात टेकून बसत. तेवढा वेळ त्यांचा चेहरा सैल पडे. टेप घासली की शांतवन नवी कॉपी काढून देई. आईसाठी, असं तो म्हणे. खरं तर त्यालाही ते हवं होतं. प्रत्येक कॉपीत भाऊ थोडा अधिक जगत होता, आणि कोणता भाऊ ते नाकारेल?

"आज मनू जास्त वेळ वाजला गा," एका दुपारी आई म्हणाली.

"हो आई."

"रोजच जास्त वाजून राहिला तो." तिने कारण विचारलं नाही. "वाजू दे."

सातवी फेरी झाली. जयघोषाची जागा आली, तिथे कुणी ओरडलं नाही. आठवी फेरी सुरू झाली. अशी फेरी गाण्यात नव्हती. नववी झाली. उन्हाळा लागला तेव्हा शांतवन नुसत्या त्या एका गाण्यासाठी पूर्ण कॅसेट घालत होता आणि तीही पुरत नव्हती.

आणि मग त्याला ऐकू येऊ लागलं की ढोल दमले आहेत. आधी एखादा ठोका मागे पडे. मग डावं पेडल नुसतं कुंई करी आणि ढोलावर काही बसत नसे. झांज लागायची ती कडेला, घसटून. पुढच्या कॉपीत धाप होती, उघड्या तोंडाने घेतलेली. वेग कमी होत नव्हता, फेरीगणिक वाढवायचाच होता, तसाच ठरला होता. मनू तो पाळत होता.

एका दुपारी आई बॉक्सवर हात ठेवून डोळे मिटून बसलेली असताना टेपमधून स्पष्ट आलं, "दादा, बस?"

आईला शब्द कुठून कळणार? तिच्या तळहाताखाली नुसते ठोके होते. थोड्या वेळाने पुन्हा, "दादा, बस?" साइड संपेपर्यंत ते येत राहिलं, दर फेरीला, अधिकाधिक बारीक.

त्या दिवशी त्याने आईसमोर बसून, ओठ सावकाश हलवत सांगितलं, "आई, तो थकला आहे. मले त्याले थांबवू दे."

आईने मान हलवली. "तुले तो दिवसभर ऐकू यायचा. घरात, रस्त्यावर, चर्चमध्ये. मले हे एवढंच यायचं. थांबवशीन तर मले काय राहीन?"

"त्याले त्रास होऊन राहिला, आई."

"मले नाही होत काय?" ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की आईशी बोलणं संपत असे.

मंगळवारी महिला मंडळाची प्रार्थना असायची. आई छत्री घेऊन गेली. शांतवनने दार लावलं. पहिल्या डेकमध्ये सगळ्यात लांब कॉपी घातली. दुसऱ्या डेकमध्ये कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. का दाबलं? सवयीने. कर्णाचं एक गाणंही त्यांनी कधी रेकॉर्डिंग सुरू केल्याशिवाय वाजवलं नव्हतं.

तो मनूबरोबर पहिल्या फेरीपासून वाजवत गेला. बोटं सोलवटली. आठवी, नववी, त्यापुढच्या. धाप आली. पेडलं अडखळू लागली.

"दादा, बस?"

शांतवनने गिटारची मान वर उचलली, गोदामात उचलायचा तशी.

"आमेन," तो म्हणाला.

ढोल थांबले. एक ठोका जास्त नाही.

काठ्या कातड्यावर ठेवल्याचा आवाज आला. त्या थोड्या घरंगळल्या.

मग नुसती खरखर. शांतवनने गिटार खाली ठेवली, गिटारचा स्विच बंद केला, गिटार कपाटात घालून कपाट लावलं. दुसरा डेक तो बंद करायला विसरला. टेप संपल्यावर बटण आपोआप वर आलं. तो जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं.

त्याने बाकीच्या कॉप्या लावून पाहिल्या. एकीवरही ढोल नव्हते. गिटार एकटीच पळत होती. मनू सगळीकडून गेला होता.

आई आली. पाणी प्याली, खाटेवर बसली, बॉक्सवर हात ठेवून वाट पाहू लागली. शांतवनला तिच्याकडे बघवेना. आजची कॅसेट तेवढी उरली होती, तिच्यावर तरी मनू असेल, अशा आशेने त्याने ती लावली.

मनू होता. आईचा चेहरा सैल पडला. शांतवन भिंतीला टेकून ऐकत राहिला. शेवट आला. त्याचा स्वतःचा आवाज आला, आमेन. काठ्या घरंगळल्या.

आईने हात उचलला नाही.

शांतवनने तिच्या खांद्याला हात लावला. "संपलं, आई."

"कुठं संपलं?" ती म्हणाली. "आता तू वाजवून राहिला."

तो खाली वाकला आणि बॉक्सला कान लावला.

खरखरीखाली गिटार वाजत होती. ढोलाशिवाय, एकटी. यरीहोची चाल, पहिल्या फेरीपासून. वाजवण्याची पद्धत त्याची होती, तारेवर बोट घासण्याची खोडही त्याचीच. टेपचा हा भाग भरला जात होता तेव्हा तर त्याची गिटार कपाटात होती.

"आमेन," तो बॉक्सजवळ तोंड नेऊन म्हणाला.

गिटार थांबली नाही. त्याने पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. चाल दुसऱ्या फेरीत गेली, थोडी अधिक वेगात.

स्वतःचं आमेन स्वतःला थांबवत नव्हतं. मग त्याने आईचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवला, ओठ दिसतील असा. "आई, तू म्हण. आमेन म्हण. एकदा म्हण."

प्रमोदिनीबाईंनी सगळं समजून घेतलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत.

"मनूच्या वेळेस तू म्हटलं," त्या म्हणाल्या. "मले नाही इचारलं. मी नाही म्हणत जा."

त्यांनी बॉक्सवर हात नीट सरकवून ठेवला, बाळ झोपवताना पाठीवर ठेवतात तसा.

"याची एक कॉपी काढून ठेव बाबू. घासून जाईन नाहीतर."

शांतवनने डाव्या हाताची बोटं पाहिली. टोकांवर तारांचे वळ होते, दुपारचेच असतील. तो बघत राहिला. वळ पुसट होत नव्हते, बॉक्समधल्या प्रत्येक सुराबरोबर नवे उमटत होते.